गुणपत्रिका आणि जन्मपत्रिका

गेल्या ज्येष्ठ महिन्यात एका आप्ताच्या घरच्या कार्यानिमित्त आम्हांस हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा ह्या गावी चार दिवस राहण्याचा योग आला. पेरणीचे दिवस तोंडावर आलेले. पाऊस आज येतो की उद्या, हीच चर्चा ज्याच्यात्याच्या तोंडी होती. त्याच आठवड्यात सीईटीचा निकाल लागल्यामुळे त्या चर्चेत दुसऱ्या एका भाकिताची भर पडली होती. आम्ही महाविद्यालयात शिकवितो असे कळल्यावर एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीच्या दोन गुणपत्रिका, एक बारावीची व एक सीईटीची, घेऊन ओसरीवर आले. दोन्ही कागद आमच्या हाती देऊन ते म्हणाले, "सर, पोरगी पुण्याला पाठवावी म्हंतो. पर हे बघून सांगा, तिथं टिकंल का ती?"

आमच्या बाळपणी घरी जोशीबुवा येत, तेव्हा आमचे आजोबा नेमक्या ह्याच अदबीने पत्रिकांची गुंडाळी त्यांच्यापुढे ठेवीत आणि नेमका असाच प्रश्न विचारीत. फरक एवढाच, की जन्मपत्रिकेतील ग्रहांचा मुलाच्या पुढील आयुष्याशी काही संबंध नसतो, आणि गुणपत्रिकेतील आकड्यांचा काही ना काही असतो. पण तो किती असतो, आणि तो किती आहे हे आपण कशावरून ठरवितो, ह्या प्रश्नांचा विचार आपल्या सुशिक्षित कुटुंबांतही फारसा होताना दिसत नाही. ज्या घरात पत्रिका पाहणे हा मागासलेपणा समजला जातो, त्याच घरात पर्सेंटाईलचा आकडा पाहून मुलाच्या साऱ्या आयुष्याचा निकाल लावण्यात येतो. म्हणून ह्या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श घ्यावा असे आम्ही योजिले आहे.

प्रवेशपरीक्षेच्या गुणांसंबंधी आपल्याकडे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, गुण म्हणजेच गुणवत्ता. ज्याचे गुण अधिक तो अधिक लायक, आणि त्याला डावलून कमी गुणांच्या उमेदवारास जागा देणे हा अन्याय. दुसरा पक्ष म्हणतो, ह्या परीक्षांत काही अर्थ नाही. महाविद्यालयात पाहावे तर प्रवेशाच्या यादीत वर असलेली मुले मागे पडतात आणि तळाची पुढे जातात. हे दोन पक्ष एकमेकांच्या विरुद्ध भासतात खरे. परंतु आमच्या मते दोघांच्याही पायाखाली एकच चूक आहे. चाळणीत जे दाणे राहिले तेवढेच पाहून दोघेही चाळणीची परीक्षा करतात. जे खाली पडले त्यांची विचारपूस दोघांपैकी कोणीच करीत नाही.

प्रथम आकड्याचा अर्थच पाहू. साखऱ्याच्या त्या मुलीच्या कागदावर पर्सेंटाईल ८८ असे होते, आणि वडिलांनी ते शंभरांपैकी ८८ गुण असे वाचले होते. त्यांस हसण्याचे कारण नाही. पुष्कळ पदवीधरही तसेच वाचतात. पर्सेंटाईल म्हणजे गुण नव्हेत, ती रांगेतील जागा होय. ८८ याचा अर्थ परीक्षेस बसलेल्यांपैकी शेकडा ८८ जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी आहेत. रांगेवरून कोण पुढे हे कळते. किती पुढे हे कळत नाही. रांगेच्या मध्यभागी गर्दी दाट असते, तेथे दोनचार गुणांच्या अंतरात हजारो मुले उभी असतात. अगदी पुढच्या टोकाला ती विरळ होते, आणि तेथे गुणांत मोठे अंतर असूनही जागेत थोडाच फरक पडतो. शिवाय ही परीक्षा अनेक सत्रांत व निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांवर घेतात, प्रत्येक सत्राची रांग वेगळी लावतात, आणि मग त्या रांगा एकमेकींस जोडतात. ही जोडणी, सर्व सत्रांतील समुदाय सरासरीने सारखेच होते, ह्या गृहीतावर उभी असते. समुदाय मोठे असल्यास हे गृहीत अवास्तव नाही. पण ते गृहीत आहे, मोजमाप नव्हे, एवढे ध्यानात असावे.

रांगेतील जागा आणि लायकी ह्यांची गल्लत कोठवर जाते, ह्याचे उदाहरण २०२३ साली दिसले. त्या वर्षी वैद्यकाच्या पदव्युत्तर नीट परीक्षेत प्रवेशास पात्र ठरण्याची मर्यादा, जागा रिकाम्या राहतात म्हणून, शून्य पर्सेंटाईलवर आणण्यात आली. शून्य पर्सेंटाईल म्हणजे रांगेतील शेवटचा मनुष्य. आणि चुकीच्या उत्तरास गुण वजा होत असल्यामुळे त्याचे प्रत्यक्ष गुण शून्याच्याही खाली असू शकतात. सर्वसाधारण उमेदवारांसाठी एरवी जी भिंत ५० पर्सेंटाईलवर उभी असे, ती त्या वर्षी जमिनीस टेकली. ह्या निर्णयाच्या बऱ्यावाईटपणात आम्ही शिरत नाही. परंतु जागा भरण्यासाठी जी रेषा खालीवर करता येते, ती लायकीची रेषा आहे असे मात्र कोणी म्हणू नये.

वृत्तपत्रांत दरवर्षी गाजणाऱ्या कट-ऑफचीही गोष्ट ह्याहून निराळी नाही. जागा किती आणि मागणारे किती, ह्या त्रैराशिकाचे ते उत्तर असते. जागा दुप्पट झाल्या तर कट-ऑफ खाली येईल. त्या वर्षीची मुले अकस्मात मंद झाली असा त्याचा अर्थ होणार नाही. आपल्या राज्यात वैद्यकीय प्रवेशासाठी ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांस व ३० टक्के राज्यातील सर्वांस, अशी वाटणी पुष्कळ वर्षे होती. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी असल्यामुळे येथील अधिक गुणांच्या मुलास जागा मिळत नाही आणि अन्य विभागात त्याहून कमी गुणांवर मिळते, अशी तक्रार येथे होत असे. आणि २०२० च्या सप्टेंबरात ती वाटणी रद्द झाली. तक्रार न्याय्य होती, कारण ती जागांच्या वाटणीविषयी होती. परंतु ह्या वादाच्या ओघात, अमुक विभागाचा कट-ऑफ खाली म्हणून तेथील मुले कच्ची, आणि अमुक विभागाचा वर म्हणून तेथील हुशार, असे सिद्धांतही सर्रास मांडले गेले. विहिरीचे पाणी किती खोल हे रहाटाच्या दोरावरून मापावे हे ठीक. पण दोर लांब आहे म्हणून पाणी गोड असले पाहिजे, असे म्हणण्यासारखे ते झाले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ, आणि तेथे प्रथम स्वतःची चूक सांगणे आम्हांस प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आपल्या वर्गातील मुलांचे एक कोष्टक केले. एका स्तंभात प्रवेशपरीक्षेचे गुण, दुसऱ्यात पहिल्या वर्षाच्या परीक्षेचे. दोहोंचा मेळ घालून पाहतो तो जवळजवळ काहीच संबंध दिसेना. आम्हांस शोध लागल्याचा आनंद झाला. सहकाऱ्यांच्या बैठकीत आम्ही ते कोष्टक फडकावले आणि प्रवेशाचे गुण व पुढील प्रगती ह्यांचा काही संबंध नाही, असे ठासून सांगितले. पुढे त्याच आधारावर, गणितात कच्च्या मुलांसाठी पहिल्या सहामाहीत चालणारा जादा तास अनावश्यक ठरला. कारण प्रवेशाच्या गुणांवरून कच्चे कोण हे ओळखता येत नाही, असे आम्हीच सिद्ध केले होते. त्या वर्षी आणि पुढल्या वर्षी जी मुले गणितात अडकून मागे राहिली, त्यांच्या नुकसानीतील आमचा वाटा आम्ही विसरू शकत नाही.

चूक कोठे होती? शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण खरी आहे. परंतु ते शीत भांड्यातून जसे हाती येईल तसे काढलेले असावे लागते. वरची वाफ लागलेली शिते तेवढी वेचून भात शिजला की नाही हे ठरविणारी सुगरण कोणी पाहिली आहे काय? आमच्या वर्गातील सारी मुले एकाच चाळणीतून आलेली, म्हणून प्रवेशाच्या गुणांनी एकमेकांच्या अगदी जवळची होती. ज्या गुणांत फरकच थोडा, त्या गुणांवरून पुढील फरक कसा उमगावा? कुस्तीचे उदाहरण घ्या. वजनाचा आणि बळाचा संबंध नाही असे आखाड्यातला कोणी म्हणणार नाही. म्हणूनच तर वजनाचे गट पाडतात. पण एकाच गटातील पैलवानांकडे पाहिले, तर अर्ध्या किलोने जड असलेला जिंकतोच असे दिसत नाही. तेथे डाव, दम आणि सराव ह्यांचा निकाल लागतो. त्यावरून जर कोणी म्हणू लागला की वजनाला कुस्तीत अर्थ नाही, गट मोडून टाका, तर पहिल्याच दिवशी कोणाची तरी बरगडी मोडेल.

ह्या भ्रमाचे माप एकदा प्रत्यक्ष घेण्यात आले आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने वैमानिकांच्या निवडीसाठी चाचण्या तयार केल्या होत्या. त्या कितपत खऱ्या हे पाहण्यासाठी १,०३६ उमेदवारांस, चाचणीत काहीही गुण पडले असले तरी, सरसकट शिक्षणास घेण्यात आले. ह्या सर्वांचा विचार करता चाचणीचे गुण व शिक्षणातील यश ह्यांचा सहसंबंधांक ०.६४ आला. हा अंक शून्य असेल तर संबंध नाही आणि एक असेल तर संबंध पूर्ण, असे समजावे, म्हणजे ०.६४ हा चांगलाच बळकट म्हटला पाहिजे. परंतु नेहमीची कडक चाळणी लावली असती तर त्यांपैकी १३६ जणच आत आले असते. तेवढ्या १३६ जणांपुरता तोच अंक काढला, तेव्हा तो अवघा ०.१८ भरला. चाचणी तीच, माणसे त्यांतलीच. रॉबर्ट थॉर्नडाइक ह्यांनी हा दाखला १९४९ साली आपल्या ग्रंथात दिला. आम्ही आमच्या वर्गात पाहिले ते हे १३६ होते. उरलेले ९०० आमच्या कोष्टकात नव्हते, आणि ते नाहीत ही गोष्ट आमच्या ध्यानातही आली नव्हती.

जे नाहीत त्यांची आठवण सहसा राहत नाही, कारण ते मागे काही खूण ठेवीत नाहीत. एखादाच ठेवतो. धोंडो केशव कर्वे मुलगेपणी परीक्षेसाठी कोकणातील मुरूडहून घाट चढून पायी साताऱ्यास गेले, आणि तेथे वय सतराहून कमी दिसते म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. पुढे १८९१ पासून हेच कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. ते पुन्हा प्रयत्न करून वर आले म्हणून ही हकीकत आपणांस ठाऊक आहे. जे घाट उतरून घरी गेले आणि पुन्हा चढले नाहीत, त्यांचे आत्मवृत्त कोणी लिहिले नाही. पण ह्या एका थोर उदाहरणावरून चाळणीच खोटी असाही निष्कर्ष काढता येणार नाही. तोही एकच शीत उचलण्याचा प्रकार होईल.

दुसरा भ्रम ह्याचाच भाऊ आहे. २०१३ ते २०१६ ह्या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीसाठी परीक्षेच्या गुणांस ६० टक्के व बारावीच्या गुणांस ४० टक्के वजन देत असत. अशा मिश्र पद्धतीने भरलेल्या वर्गात बसून पाहणाऱ्यास असे दिसे की ज्यांची प्रवेशपरीक्षा चांगली त्यांची बारावी बेताची, आणि ज्यांची बारावी चांगली त्यांची प्रवेशपरीक्षा बेताची. मग लगेच मीमांसा होई: एक मुलगा घोकंपट्टीचा, दुसरा बुद्धीचा, पाठांतर आणि बुद्धी एकत्र नांदत नाहीत. वास्तविक हा निसर्गाचा नियम नसून बेरजेचा आहे. ज्या वर्गात प्रवेशास बेरीज साधारण सारखीच लागते, तेथे एकाकडे एक बाजू जड असेल तर दुसरी हलकी असणारच. दोन्ही बाजू जड असलेली मुले ह्याहून वरच्या संस्थेत गेली, आणि दोन्ही हलक्या असलेली आत आलीच नाहीत. राज्यातील सर्व मुलांचे गुण एकत्र मांडले तर बारावीत चांगली ती प्रवेशपरीक्षेतही बहुधा चांगलीच निघतील. आम्ही अध्यापक मंडळी स्टाफरूममध्ये चहाच्या पेल्याबरोबर विद्यार्थ्यांच्या स्वभावाविषयी जे सिद्धांत मांडतो, त्यांतले कितीक अशा बेरजेतून निघालेले असतात, हे देव जाणे.

तिसरा भ्रम घराघरांत आढळतो. परीक्षेचा आकडा हा मुलाच्या तयारीचे शुद्ध माप नसतो. त्यात त्या दिवसाच्या योगायोगाची भेसळ असते. सर फिलिप हार्टोग हे नाव आपल्याकडील शिक्षणाच्या इतिहासात अपरिचित नाही. डाक्का विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू आणि १९२९ च्या शिक्षणसमितीचे अध्यक्ष होत. त्यांनी व ऱ्होड्स ह्यांनी १९३५ साली परीक्षांचीच परीक्षा प्रसिद्ध केली. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका, सर्वांस मुळात एकसारखेच गुण पडलेल्या, चौदा परीक्षकांकडून तपासून घेतल्या. आणि वर्षदीड वर्षाने त्याच परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय दुसऱ्या खेपेस फिरले. आज यंत्र उत्तरे तपासते, म्हणून परीक्षकाची लहर गेली. परंतु कोणते प्रश्न आले, रात्री झोप लागली की नाही, परीक्षेचे केंद्र गावापासून किती दूर पडले, अंदाजाने ठोकलेले उत्तर लागले की चुकले, हा योगायोग यंत्राने गेलेला नाही.

आता ज्याला फार वरचा आकडा मिळाला, त्याच्या पदरात तयारीबरोबर अनुकूल योगायोगही पडला असण्याचा संभव अधिक. आणि योगायोग पुढच्या वर्षी बरोबर येत नाही. म्हणून पहिल्या नंबरातील मुले पुढच्या परीक्षेत सरासरीने थोडी खाली येतात, आणि तळाची थोडी वर येतात. उंच आईबापांची मुले उंच असली तरी सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात, हे गॉल्टन ह्यांनी १८८६ मध्ये दाखविले, त्यातलाच हा प्रकार. पण आपण काय म्हणतो? मुलगा खाली आला की त्याला दृष्ट लागली, नाही तर शहराचे वारे लागले. आणि वर्ष खर्चून पुन्हा नीट दिलेल्या मुलाचे गुण वाढले की ते शिकवणीवर्गाचे पुण्य. त्या वाढीत वर्गाचा वाटा असेलही. परंतु कमी गुण पडलेल्यांनीच प्रामुख्याने पुन्हा परीक्षा द्यायची असल्यामुळे, काही वाढ कोणाच्याही शिकवण्यावाचून होणारच होती. चौकातल्या फलकांवर यशस्वी मुलांची छायाचित्रे झळकतात. त्याच वर्गात बसून ज्यांचे वर्ष वाया गेले त्यांची संख्या खाली बारीक अक्षरांत तरी छापलेली असती, तर पुष्कळ बापांना एखादे एकर विकण्यापूर्वी विचार करण्यास अवसर मिळाला असता.

येथे कोणी म्हणेल, हे सारे मान्य. पण मग प्रवेशपरीक्षेचे गुण पाहावे की नाही? आमचे उत्तर असे, की संस्थेने पाहावे, आणि एकेका मुलाविषयी बोलताना फार जपून पाहावे. कारण एकच संबंध समुदायाला पुष्कळ आणि व्यक्तीला थोडा उपयोगी असतो. समजा, प्रवेशाचे गुण व पुढील यश ह्यांचा सहसंबंधांक ०.५ आहे. ह्याचा साधा अर्थ गणिताने असा निघतो, की प्रवेशपरीक्षेत मधल्या रेषेच्या वर असलेल्या तिघांपैकी दोघे पुढेही मधल्या रेषेच्या वर राहतील आणि एक खाली जाईल. हजार मुले निवडणाऱ्या संस्थेला हा फायद्याचा सौदा आहे. परंतु त्या तिघांपैकी आपली मुलगी कोणती, हे आकडा सांगत नाही. तिच्या पुढील गुणांविषयी आपला जो अंदाज, त्यातील चुकीचा पल्ला ह्या ज्ञानाने अवघा १३ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. जोशीबुवाही ह्याहून अधिक ठामपणे बोलत, आणि आम्ही त्यांस हसत होतो.

खेड्यातील मुलांविषयी कळवळा असणाऱ्यांचा, आणि आम्हीही त्यांत आहोत, आणखी एक आवडता सिद्धांत आहे: शिकवणीवाचून मिळविलेले ८० हे शिकवणी लावून मिळविलेल्या ९० च्या तोडीचे, म्हणून समान गुणांची खेड्यातील मुले पुढे शहरातील मुलांहून सरस निघतीलच. हे खरे असावे असे मनास वाटते. पण मनास वाटणे हा पुरावा नव्हे. अमेरिकेत ह्या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास झाला. तेथे सर्वसाधारणपणे असे आढळले की मुलींस महाविद्यालयात भाकितापेक्षा थोडे अधिक गुण मिळतात. मात्र कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस, समान प्रवेशगुण असताही, भाकितापेक्षा थोडे कमी मिळतात. हे दुसरे वाक्य वाचून कोणी घाईने क्षमतेविषयी निष्कर्ष काढू नये. पैशाची चणचण, नोकरी करून शिकणे, परके वातावरण, ही सर्व प्रवेशानंतर सुरू होतात. भाकीत चुकविणारी गोष्ट मुलात नसून महाविद्यालयात असू शकते. त्याच देशात कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० साली ह्या परीक्षांचे गुण पाहणे सोडण्याचा निर्णय घेतला, आणि मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रसंस्थेने २०२२ साली ते पुन्हा आवश्यक केले. ह्या संस्थेचे एक कारण असे होते, की ज्यांच्या शाळेत वरच्या दर्जाचे विषय शिकविण्याची सोयच नाही, अशा गरीब मुलांची तयारी ह्या गुणांवाचून ओळखता येत नाही. म्हणजे चाळणी गरिबाच्या विरुद्धच जाते, हेही सूत्र सर्वत्र लागू पडत नाही.

तेव्हा करावे काय? वादाने हा प्रश्न सुटावयाचा नाही, नोंदींनी सुटेल. प्रवेशाचे गुण राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे असतात आणि पदवीचे निकाल विद्यापीठांकडे. ही दोन दप्तरे नावे वगळून एकमेकांस जोडावीत आणि दरवर्षी प्रसिद्ध करावीत. त्यात केवळ एका संस्थेतील मुलांचे नव्हे, तर वरच्या आणि खालच्या सर्व संस्थांतील मुलांचे पुढे काय झाले हे यावे. आणि मध्येच शिक्षण सोडणाऱ्यांची नोंद प्रथम यावी, कारण तेच सर्वांत लवकर कागदावरून नाहीसे होतात. आणखी एक युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. रेषेच्या किंचित वर असलेला आणि किंचित खाली असलेला, ह्या दोघांत तयारीचा फरक नाममात्र असतो. एकास जागा मिळते, दुसऱ्यास नाही. ह्या दोघांचा पुढे दहा वर्षे माग काढला, तर जागेने काय दिले आणि मुलाने स्वतः काय आणले, हे बरेच वेगळे करता येते. थिसलथ्वेट व कॅम्पबेल ह्यांनी १९६० साली शिष्यवृत्तीच्या बाबतीत हीच रीत वापरली होती. तिला खर्च फार येत नाही. ज्याला नाही म्हटले त्याचे पुढे काय झाले हे जाणून घेण्याची इच्छा मात्र लागते.

आमच्या त्या वर्गापुरती आम्ही एवढीच दुरुस्ती केली, की जादा तास पुन्हा सुरू करविला, आणि त्यास येण्याचा हक्क कोणत्याही गुणांच्या मुलास ठेवला. कोष्टक आम्ही अजून जपून ठेविले आहे. नव्या अध्यापकांस ते दाखवितो, आणि त्यात कोण नाही ते विचारतो.

असो. साखऱ्याच्या त्या गृहस्थांस आम्ही काय सांगितले, हे वाचकांस जाणण्याची इच्छा असेल. आम्ही म्हणालो, "ह्या दोन कागदांवरून एवढे दिसते की त्या वर्गात बसण्याइतकी तिची तयारी आहे. टिकेल की नाही ते ह्यांवर लिहिलेले नाही. ते पाहायचे असेल तर वसतिगृहात जागा मिळते का, महिन्याचा खर्च किती, शिष्यवृत्ती कधी हाती पडते, आणि पहिल्या सहामाहीत एखादा विषय अडला तर कोणापाशी जायचे, एवढे आधी विचारून या. पहिल्या परीक्षेत गुण कमी पडले तर लगेच परत बोलावू नका."

त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे पाठवू म्हंता?"

"पाठवा," आम्ही म्हणालो.

त्यांनी दोन्ही कागद घडी करून खिशात ठेविले, आणि आभाळ भरून आले होते म्हणून उठून शेताकडे गेले.